निळी पॅगोडा आणि तिच्या पोटातला पांढरा रंग

जुनी गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी मी मालकाला फोन करून एकच गोष्ट सांगते: मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गाडी आधीच गरम करून ठेवली की तिची निम्मी दुखणी झाकली जातात. धूर कोणत्या रंगाचा येतो, टायमिंग चेन खडखडते का, तेलाचा दाब चढायला किती वेळ लागतो, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि नंतर दिवसभर कळत नाही. यावेळी गाड्या विकणाऱ्या काकांनी सांगितलेलं ऐकलं होतं. त्यांच्या तिन्ही गाड्यांच्या बॉनेटवर हात ठेवून पाहिला, तिन्ही गार. ज्याला काही लपवायचं असतं तो बहुतेक वेळा इथेच सापडतो, त्यामुळे मी जरा निर्धास्त झाले.

गाडी विकत घेण्याआधी ती तपासून द्यायची, हे माझं काम. त्यातही जुन्या युरोपियन गाड्या जास्त. यावेळचे ग्राहक एक डॉक्टर होते. काकांना आपल्या तीन गाड्या काढायच्या होत्या: जग्वार ई-टाइप, सिट्रोएन डीएस आणि मर्सिडीज 280 एसएल. डॉक्टरांना त्यातली एक घ्यायची होती. मन मर्सिडीजवर बसलेलं होतं हे ते गाडीभोवती ज्या तऱ्हेने फिरत होते त्यावरून दिसतच होतं, पण मला म्हणाले, "तुम्ही सांगाल ती."

जग्वार दहा मिनिटांत बाद झाली आणि त्यात गाडीचा काही दोष नव्हता. ई-टाइप 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अगदी सुरुवातीच्या 3.8 लिटरच्या गाड्यांचा फ्लोअर सपाट होता, पाय ठेवायला खोलगट जागा नव्हती. कंपनीने ती नंतर करून दिली. संग्राहक नेमका त्या सपाट फ्लोअरसाठीच जीव टाकतात. डॉक्टर सहा फुटांच्या वरचे. कसेबसे आत बसले, गुडघे स्टिअरिंगला टेकले, आणि क्लच दाबायला गेले तर पायच उचलेना. बाहेर येताना काकांनी त्यांना हात दिला. मी सवयीने पुढची चौकोनी नळ्यांची फ्रेम ठोकून पाहिली. या नळ्या आतून गंजतात आणि बाहेर रंग छान राहतो. इथे आवाज सगळीकडे खणखणीत आला. कुणाला तरी चांगली गाडी मिळेल.

डीएसचं जरा वेगळं. 1955 ची ही रचना अजूनही माणसाला कोड्यात टाकते. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक सगळं एकाच हायड्रॉलिक यंत्रणेवर. आधी मी टाकीतलं ऑइल पाहते. 1966 पर्यंतच्या गाड्यांत लाल ऑइल असायचं, त्यानंतर हिरवं खनिज ऑइल आलं, आणि एकाच्या जागी दुसरं ओतलं तर यंत्रणेतली रबरं फुगून किंवा विरघळून जातात. ही नंतरची गाडी होती, सुटे भाग हिरवे रंगवलेले आणि ऑइलही हिरवंच. इंजिन सुरू केलं, गाडी हळूहळू वर उठली. पण दर तीन-चार सेकंदांनी "टक्" असा आवाज येत होता. दाब साठवणाऱ्या गोळ्यातला नायट्रोजन संपला की असंच होतं, पंपाला सारखं कामाला लागावं लागतं. डॉक्टरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, हा गोळा बदलणं हे या गाडीवरचं सगळ्यात सोपं काम, त्याची काळजी करू नका, खरी काळजी पत्र्याची, ते नंतर लिफ्टवर बघू.

मग पॅगोडा, म्हणजे ती मर्सिडीज.

टप मध्ये खोलगट, कडांना उचललेला, म्हणून या गाडीला पॅगोडा म्हणतात. पहिली 230 एसएल 1963 ला आली, मग 250, आणि शेवटी 280, जी 1971 पर्यंत बनत होती. तिन्ही मिळून 48,912 गाड्या बनल्या, त्यातल्या 23,885 एकट्या 280 एसएल. म्हणजे या गाडीचे भाग मिळतात. नवे मिळतात, जुने मिळतात, आणि अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं चांगलं पुढचं धडही मिळतं. हे वाक्य पुढे लागणार आहे.

डॉक्टर कुठून तरी वाचून खिशात लोहचुंबक घेऊन आले होते. त्यांनी तो दाराला लावला, तो खाली पडला. बॉनेटला लावला, तिथूनही घसरला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आत नुसती पुट्टी आहे." मला हसू आवरेना. पॅगोडाचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, तिथे चुंबक चिकटला असता तर मी घाबरले असते. त्यांनी तो पुढच्या मडगार्डला लावला, तो टपकन चिकटला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, एकदा नीट रंगवलेली गाडी दोनशे-तीनशेला जाते, आणि आकडा हजारावर गेला की खाली पुट्टी आहे समजायचं. मागच्या मडगार्डांवर चारशे-साडेचारशे आलं. पुढे एकशे सत्तर, एकशे ऐंशी. दोन्ही बाजूंना, अगदी सारखं. आता गंमत अशी, की मागून चेपलेली गाडी मी रोज बघते, पुढून चेपलेलीही बघते, पण पन्नास वर्षांच्या गाडीचं नाक तिच्या पाठीपेक्षा एवढं तरुण? बॉनेट उघडून आत पाहिलं तर मडगार्डाच्या जोडावर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे खळगे ओळीने, जसेच्या तसे. अपघातानंतर मडगार्ड बदललेल्या गाडीत ते बहुधा पुट्टीखाली बुजून जातात. म्हणजे नाक ठोकून सरळ केलेलं नव्हतं.

काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "ताई, मॅचिंग नंबर्स आहे ही. डेटा कार्ड आहे माझ्याकडे." डेटा कार्ड म्हणजे कारखान्याने केलेली गाडीच्या नंबरांची आणि रंगाची नोंद; गाडीवरचे नंबर त्याच्याशी जुळले की ती मॅचिंग नंबर्स. कार्ड घेऊन मी एकेक आकडा ताडून पाहिला. चॅसी नंबर 113044 ने सुरू होणारा, म्हणजे 280 एसएल, पुढचा आकडा 12, म्हणजे डाव्या हाताचं स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक. जुळलं. इंजिन 130.983, क्रमांकासकट जुळला. रंगाचा कोड 904, मध्यरात्रीचा तो गडद निळा, गाडी त्याच रंगाची. बॉडी नंबर टपावर ठोकलेला, तोही जुळला. फक्त बॉनेटच्या आतल्या बाजूला जे आकडे होते ते दुसऱ्याच कुठल्या गाडीचे होते.

"बॉनेट काय, कुणाचंही बदलतं," काका म्हणाले. खरं आहे. बॉनेट कब्ज्यांवर असतं, दगड लागतो, कुणी चुकून जोरात आपटतं. एवढ्यावरून मी कुणाला काही म्हणणार नाही. पण जाडीचे आकडे डोक्यात होते. मी विचारलं, हेडलाइटची रिंग काढू का? खाली एक स्क्रू असतो. ती काढून टॉर्च आत टाकला. लाइटच्या मागच्या खोबणीत निळा रंग कडेपर्यंत आला होता, आणि जिथे स्प्रे पोचला नव्हता तिथे पांढरा. प्रायमरचा निस्तेज पांढरा नाही, चकाकणारा, कारखान्यातला. डाव्या बाजूला पांढरा, उजव्या बाजूलाही पांढरा. हॉर्नच्या ब्रॅकेटच्या मागेही तोच.

डेटा कार्डवर निळा.

गाडी लिफ्टवर घेतली. पॅगोडाचा चॅसी नंबर पुढच्या उजव्या रेलवर, म्हणजे खालून भार पेलणाऱ्या लांब तुळईवर, ठोकलेला असतो. तिथे अंडरकोटिंगचा, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून मारतात त्या लेपाचा, जाड थर होता. नंबरापुरती जागा मात्र स्वच्छ पुसलेली, म्हणजे बघायला येणाऱ्याला नंबर लगेच दिसावा. "थोडं खरवडलं तर चालेल?" असं विचारलं. काका म्हणाले, "खरवडा, आपल्याला काय लपवायचंय." प्लास्टिकच्या पट्टीने मी कडेने सावकाश काढत गेले. नंबराच्या वर एक सरळ रेघ उघडी पडली. मग बाजूला. मग खाली. तळहाताएवढा चौकोन, चारही बाजूंनी वेल्ड करून घासलेला. एका कोपऱ्यात घासणाऱ्याचा हात आळसावला होता, तिथे वेल्डचा फुगवटा बोटाला लागत होता. मी काकांना वाकायला सांगितलं आणि त्यांचं बोट धरून त्या कोपऱ्यावर ठेवलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबा, माझ्याकडे रिस्टोरेशनचे फोटो आहेत." आणि अल्बम घेऊन आले. त्यांनी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्यानेच तो दिला होता, काम किती नीट झालंय हे दाखवायला. तिसऱ्या-चौथ्या पानावर फोटो होता: इंजिन नाही, दारं नाहीत, नुसतं धड स्टँडवर. डॅशबोर्डच्या भिंतीपासून मागे निळं, पुढे पांढरं. पांढऱ्या भागावर हेडलाइटच्या वायरी अजून लोंबत होत्या.

"मला वाटायचं तो प्रायमर आहे," काका म्हणाले. "आलेल्या प्रत्येकाला मी हा फोटो दाखवलाय."

प्रायमर मारताना वायरी कोण ठेवतं? पण हे मी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलंच होतं.

काय झालं असावं याचा अंदाज बांधणं अवघड नव्हतं. निळी गाडी कधीतरी पुढून जोरात धडकली. कुणीतरी मागून चेपलेली पांढरी गाडी शोधली, तिचं शाबूत नाक कापून निळ्या धडाला जोडलं, आणि कागद निळीचे असल्यामुळे निळीच्या रेलवरचा नंबराचा तुकडा कापून पांढऱ्या रेलमध्ये बसवला. इंजिन तेच, टप तोच, धड तेच. चोरीची गाडी आहे असं मानायला मला कुठलाही आधार दिसला नाही, आणि तसं मी लिहिलंही नाही. पण चॅसी नंबरला हात लावणं अनेक देशांत गुन्हा आहे, मग हेतू काहीही असो. नोंदणी करणाऱ्या कार्यालयाने ती गाडी बाजूला उभी केली तर सोडवायला नव्या मालकालाच धावावं लागेल.

डॉक्टर मात्र अजून सुटले नव्हते. "नंबराचं ठीक आहे, मला कुठे ती लिलावात विकायचीय? मला चालवायचीय. सरळ चालेल का एवढं सांगा."

हा प्रश्न मला आवडला. नंबर जुळतो की नाही यावर अख्खा बाजार भांडतो, पण माणूस गाडीत बसतो तो नंबरावर बसत नाही. इंजिनकडून काही तक्रार नव्हती हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. थंड असताना एका सेल्फला सुरू झालं, तेलाच्या दाबाचा काटा लगेच 3 वर जाऊन टेकला, सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन 10 ते 11 बारमध्ये. बॉशचं यांत्रिक इंजेक्शन जाणकाराच्या हाताखालून गेलेलं दिसत होतं. पण सरळ चालायचं म्हणजे धड सरळ हवं. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. या गाडीला ते 2400 मिलिमीटर हवं. डावीकडे 2398, उजवीकडे 2389. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे मी सोडून देते. नऊ सोडता येत नाहीत.

मग जोड शोधला. दोन्ही रेल जिथे मागच्या धडाला भेटतात, तिथे. डावीकडचा जोड बरा होता, आतून पट्टी घालून केलेला. उजवीकडे कडेला कड लावून वेल्ड केलं होतं आणि वरून पत्र्याचा तुकडा चिकटवला होता, जसं फाटक्या चादरीला ठिगळ लावतात. बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा, रेलमध्ये घातला तर आतून वेल्ड अर्ध्या लांबीपर्यंत पोचलेलंच नव्हतं. पुढच्या चाकाचा सगळा मार हीच रेल खाते. जोरात ब्रेक मारला, समोर खड्डा आला, की त्या अर्ध्या वेल्डवर सगळं.

डॉक्टरांना मी स्क्रीनवर ते दाखवलं. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "हे मी एक्स-रेत रोज बघतो. न जुळलेलं हाड." त्यानंतर पॅगोडाकडे गेले नाहीत.

काकांनी मला एक विनंती केली. अहवाल ग्राहकाचा असतो, मी तो विकणाऱ्याला देत नाही, पण डॉक्टर लगेच म्हणाले, द्या त्यांनाही. काकांना तो ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडे न्यायचा होता. दहाएक वर्षांनंतर त्यातून काय निघेल कोण जाणे. पण जाहिरातीतून मॅचिंग नंबर्स काढून टाकतो, आणि तो फोटो आता पहिला लावतो, असं म्हणाले. रेल नीट करून घेतली, नंबराचा विषय कार्यालयात जाऊन निस्तरला, तर पुढे ती चालवायला उत्तम गाडी होईल, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. इंजिन खरंच सुरेख होतं.

उन्हं कलली तरी डीएस राहिलीच होती. मागचा मडगार्ड एका बोल्टवर असतो, तो काढून बाजूला ठेवला आणि गाडी वर घेतली. दाराखालच्या पेट्या ठीक होत्या. डिकीच्या तळाला उजव्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला, आणि मागच्या सीटखाली एका जागी पत्रा पापडासारखा हातात आला. दोन्ही ठिकाणी नवा पत्रा घालावा लागेल, तो गोळा बदलावा लागेल, आणि मागच्या गोळ्यांचंही आयुष्य फार उरलेलं नाही, असं मी लिहून दिलं.

डॉक्टरांनी वाकून त्या भोकात टॉर्च मारला. "हा गंज तरी तिचा स्वतःचाच ना?"

म्हटलं, "हो. तेवढं नक्की."