झिपऱ्या
"कपाळावर झिपऱ्या कशाला?" आईचा पहिला प्रश्न. कशाला म्हणजे? माझ्या कपाळावर चार बोटं ठेवली तरी जागा उरते! 1960 च्या 'लव्ह इन सिमला'त साधनाचं रुंद कपाळ झाकायला पुढचे केस कापले आणि साधना कट घराघरांत पोचला. आपणही तोच करावा म्हणून सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या आठवडाभर आधी नवी पेठेतल्या एका पार्लरात जाऊन बसले.

तिथल्या ताईंनी केस ओले करून बरोबर भुवईला टेकतील असे कापले. माझे केस कुरळे. वाळले तशा बटा चक्क दोन बोटं वर चढल्या. त्यात डावीकडे कपाळाशीच भोवरा, तिथले केस उभेच्या उभे. अख्खा गड्डा क्लिपा लावून फिरले.

आता केस कोरडेच कापून घेते, तेही हवेत त्यापेक्षा बोटभर लांब. चेहरा गोल, म्हणून सरळ रेघ नको. मधे भांग आणि दोन्हीकडे गालाच्या हाडापर्यंत उतरत्या बटा. एप्रिलात पारा 40 च्या वर गेला की त्याही कपाळाला चिकटतात. मग सगळं मागे ओढून पिन. आई काही बोलत नाही, नुसती हसते.