तिरफळाच्या आड

“काकू, माझी जीभ चुरचुरते आहे,” असे त्या आठ वर्षांच्या मुलाने जेवताना मला सांगितले, तेव्हा मी हसून त्याला म्हटले की बाळा, ते तिरफळ आहे, मसाल्याचे फळ, त्याने तसेच होते, थोडी सोलकढी पी. त्याने आज्ञाधारकपणे सोलकढी प्यायली आणि बांगड्याचा उरलेला तुकडा संपवला. या प्रसंगाला आता काही महिने उलटून गेले आहेत. तरीही स्वयंपाकघरात तिरफळाची बरणी उघडली की मला आधी त्याचा तो चेहरा आठवतो.

मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आमचे घर आहे आणि त्यातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. स्वयंपाक मी आणि सासूबाई करतो. मे महिन्यात आमच्याकडे एकही खोली रिकामी नसते, आणि नेमक्या त्याच महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागते. वाळूतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, त्यामुळे पंप एका दमात जास्त वेळ चालवला की खालचे खारे पाणी वर ओढले जाते. म्हणून आम्ही तो दिवसातून चार वेळा थोडा थोडा चालवतो आणि उरलेली गरज टँकरवर भागवतो. पाहुण्यांना हे दिसत नाही आणि दिसूही नये. आमचा स्वयंपाक भरती-ओहोटीवर ठरतो, हेही त्यांना ठाऊक नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खोल जाते, खाडीतली वाळू उघडी पडते आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मुबलक मिळतात. इतर दिवशी मागितल्या तरी त्या चांगल्या मिळतीलच असे नाही. बहुतेक पाहुणे मात्र येतानाच सुरमई आणि पापलेट ही दोन नावे घेऊन येतात आणि तेवढेच मासे खाण्याजोगे आहेत असे मानतात. त्यांना बांगडा, पेडवे, तारली, ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, रायवळ आंब्याचे सासव यांकडे वळवणे हे मी माझे काम मानते, आणि त्यात मला मनापासून आनंद आहे.

तिरफळ घातलेला बांगडा हा माझ्या हातचा सर्वांत चांगला पदार्थ आहे, असे मी संकोच न करता म्हणेन. ओले खोबरे, भिजवलेल्या लाल मिरच्या, थोडे धणे आणि हळद हे पाट्यावर गंधासारखे वाटायचे, त्यात आमसुले टाकायची, आणि रस उकळू लागला की बांगड्याचे तुकडे सोडायचे. तिरफळाच्या आतले काळे बी काढून टाकायचे, साल नुसते ठेचायचे आणि शेवटी घालायचे; ते आधी घातले किंवा बारीक वाटले तर सगळे कडू होते. फोडणी द्यायची नाही, ढवळायचे नाही, भांडे दोन्ही हातांनी धरून हलवायचे आणि उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडायचे. तिरफळाने जिभेला मुंग्या येतात, ओठ किंचित बधिर होतात, आणि ही जाणीव नवख्या माणसाला आधी दचकवते व मग आवडते. पाहुण्यांना मी हे पहिल्या घासाआधीच सांगून ठेवते. त्या दिवशीही सांगितले होते.

आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला आणि वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलीच नाही. वीज नाही म्हणजे बर्फाचा कारखाना बंद, आणि कारखाना बंद म्हणजे रात्री समुद्रात जाणाऱ्या होड्यांना पुरेसा बर्फ नाही, ही साखळी मला तेव्हाही ठाऊक होती. नेहमी सकाळी साडेसातला येणारी मासळीवाली त्या दिवशी साडेदहाला आली. “होडी उशिरान इली, वयनीनू, भायर वारो होतो. पण बांगडो बघा, कसो कडक आसा,” असे ती म्हणाली. मी पाहिला. डोळे फुगीर आणि स्वच्छ होते, कल्ले लाल होते, पोट घट्ट होते, बोटाने दाबल्यावर खळगा राहत नव्हता आणि वास समुद्राचा येत होता. पाटीत बर्फही भरपूर होता, कारण बंदरावर पोहोचल्यावर तिला दुसऱ्या गावाहून आलेला बर्फ मिळाला होता. गेली अनेक वर्षे मी याच खुणांवर मासे घेत आले आहे. त्या बर्फाने मला समाधान दिले, आणि तिथेच माझी नजर थांबली; जाळे ओढल्यापासून बंदरापर्यंत तो बांगडा कशात होता, हे मी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. मासे साफ करून, धुऊन, मीठ-हळद लावून मी परातीत ठेवले, आणि त्याच वेळी टँकर आला. टँकरवाला थांबत नाही, म्हणून मी आणि हे दोघेही बाहेर पाइप धरून उभे राहिलो. परत आले तेव्हा चाळीस मिनिटे गेली होती. परात सावलीत होती, पण मे महिन्यातली आमची सावलीही गरमच असते.

दुपारी एक वाजता बाराजण जेवायला बसले. नऊ जणांनी बांगडा घेतला, तिघांनी पापलेट. मुलगा जिभेबद्दल बोलला तो जेवण सुरू होऊन पाचएक मिनिटे झाल्यावर. अर्ध्या तासाने त्याच्या आईचा चेहरा आणि मान लालबुंद झाली. सकाळी ती दोन तास किनाऱ्यावर होती, म्हणून सर्वांनी, तिनेही, ते उन्हाने झाले असे धरले आणि मी कोरफड कापून आणली. तिचे डोके दुखू लागले. आम्ही म्हटले, उष्मा आहे, पन्हे घ्या. मग दुसऱ्या खोलीतल्या गृहस्थांच्या छातीवर आणि दंडांवर गांधी उठल्या आणि त्यांना छातीत धडधडू लागले. मुलाचे कान लाल झाले, त्याला उलटी झाली, आणि चौथ्या एका मुलीला हात खाजवायचे थांबवेना, तेव्हा कुठे मला कळले की मी गेला तासभर प्रत्येक लक्षणाला उन्हाळ्याचे एकेक कारण चिकटवत बसले आहे.

ह्यांनी चौघांना गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेले आणि मी मागोमाग गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी विचारलेले प्रश्न मी विसरणार नाही. कोणता मासा होता, कोणी कोणी खाल्ला, ज्यांनी खाल्ला नाही त्यांना काही होते आहे का, आणि खाताना चव वेगळी लागली का. पापलेट खाणारे तिघेही ठणठणीत आहेत हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. चव वेगळी लागली का, याला मोठ्यांनी नाही म्हटले. मुलगा म्हणाला, “मी काकूंना सांगितलं होतं.”

त्यांनी समजावले ते असे. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना), सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यावर थंड ठेवला नाही, तर जिवाणू त्यापासून हिस्टामिन नावाचे विषारी द्रव्य तयार करतात. मासा तेव्हा दिसायला आणि वासाला ताजा असू शकतो. नंतर बर्फात ठेवला तरी जे तयार झाले ते जात नाही, आणि उकळून किंवा तळूनही जात नाही. एकाच पाटीतल्या सगळ्या माशांत ते सारखे नसते, म्हणून नवांपैकी चौघांनाच त्रास झाला. ही माशांची ॲलर्जी नव्हे, त्यामुळे ही माणसे पुढे नीट राखलेला मासा बिनधास्त खाऊ शकतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि शेवटी म्हणाल्या की असा मासा तोंडात घातल्यावर काहींना जीभ मिरी खाल्ल्यासारखी चुरचुरते. बऱ्याचदा तेवढीच काय ती आगाऊ सूचना मिळते.

ॲलर्जीवर देतात तीच औषधे दिल्यावर सगळ्यांना संध्याकाळपर्यंत बरे वाटू लागले आणि रात्री ते पेज प्यायले. त्यांच्यापैकी कोणीही मला एका शब्दाने दोष दिला नाही. मुलाच्या आईने उलट माझीच समजूत काढली, आणि ते मला अधिक जड गेले.

रात्री सासूबाई म्हणाल्या, “उन्हातलो बांगडो खाजता, म्हायत नाय तुका?” त्यांना हे त्यांच्या सासूने सांगितलेले होते. इतक्या वर्षांत त्यांनी ते मला कधी सांगितले नव्हते, आणि मीही त्यांना मासे घेताना बोलावणे सोडून दिले होते, कारण त्यांचे एकेक बांगडा हातात घेऊन पाहणे मला वेळखाऊ वाटे. मला मिळालेल्या स्वच्छतेच्या प्रशिक्षणात टोपी, हातमोजे, पाण्याचा नमुना आणि भिंतीवरचे फलक यांवर पूर्ण दिवस गेला होता. मासा किती वेळ, किती थंड ठेवावा, यावर कोणी एक वाक्य बोलले नव्हते. किनारपट्टीवरच्या स्वयंपाकघरांना हे शिकवले जात नाही, याचा मला राग आहे.

मासळीवालीला मी दुसऱ्या दिवशी सगळे सांगितले. ती आधी दुखावली, मग बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली की होडीवर बर्फ निम्माच गेला होता. आता ती पाटी उतरवताना मी न विचारताच सांगते की जाळे कधी ओढले आणि बर्फ कुठून भरला. वीज गेलेल्या रात्रीनंतर मी बांगडा घेत नाही. समोर किनाऱ्यावरून ओढलेल्या रापणीच्या जाळ्यातला मिळाला तर तेवढा घेते. मासा कापला की तो बर्फावरच राहतो, मग टँकर निघून गेला तरी चालेल. तिरफळ घालण्याआधी रसातला एक तुकडा काढून मी स्वतः जिभेवर ठेवून पाहते. त्याने सगळे कळेल असे नाही, कारण प्रत्येक बांगडा वेगळा असतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की विष तयार व्हायला तास लागतात आणि बहुधा ते होडीवरच झाले असावे. मी ‘बहुधा’ या शब्दापाशी अडते. ती चाळीस मिनिटे त्या तासांत मिळवायची की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जाण्याच्या दिवशी सकाळी मी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस केला होता. मुलगा ताटावर बसला आणि त्याने विचारले, “काकू, यात तिरफळ नाही ना?” मी नाही म्हटले. त्याने घावण्याचा लहानसा तुकडा तोडला, रसात बुडवला, जिभेवर ठेवला, आणि तसाच तोंडात धरून तो थोडा वेळ थांबला.