आमची वाटचाल: दातांच्या दवाखान्याशेजारची खोली

शेजारी दातांचा दवाखाना, हे आमचं पहिलं भांडवल. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी मैत्रिणींनी जागा भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकांनी ‘समुपदेशन’ लिहिलेली पाटी खाली लावू दिली नाही. “बिल्डिंगला नाव पडेल,” म्हणाले. आम्ही हिरमुसलो. पण जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं की आमच्याकडे येणारे बेधडक सांगायचे, दाढ दुखतेय.

मी समुपदेशक, मैत्रीण फिजिओथेरपिस्ट. पहिलं वर्षभर भाडं तिच्या कमाईतून गेलं. तिच्याकडे खांदे आखडलेली माणसं यायची. एक्स-रे स्वच्छ, शेक-व्यायामाने आठवडाभर बरं, की पुन्हा तेच. माझ्याकडे “मोकळेपणाने बोला” म्हटलं की “तसं काही नाही हो” म्हणून गप्प. एका संध्याकाळी चहा घेताना लक्षात आलं, की दोघींची माणसं एकाच जागी अडली आहेत.

शोधता शोधता हाकोमी सापडली, म्हणजे शरीराच्या वाटेने मनापर्यंत जाणारी समुपदेशनाची एक पद्धत. अमेरिकेत रॉन कर्ट्झ यांनी ती घडवली. 1981 साली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये त्यांची संस्था सुरू झाली. तिच्या मूळ तत्त्वांत सजगता आहे आणि चक्क अहिंसाही. म्हणजे माणसाने स्वतःला जपायला जे कवच घातलंय, ते ओढून काढायचं नाही. खांदे वर चढलेत? “सैल सोडा” म्हणायचं नाही. विचारून, हो म्हटलं तरच, ते खांदे आपण खालून तोलून धरायचे. भार दुसऱ्याने घेतला की खांद्यांना काम उरत नाही. मग आतून काय वर येतं, ते दोघांनी थांबून बघायचं. मैत्रिणीचे हात इथे कामी आले. शिकण्यात मात्र तीन वर्षं आणि साठवलेले पैसे गेले.

खरी अडचण भाषेची. या पद्धतीत माणूस शांत, सजग असताना एखादं वाक्य म्हणायचं आणि शरीर काय उत्तर देतं ते बघायचं. “तू इथे सुरक्षित आहेस” हे मराठीत रेल्वेच्या घोषणेसारखं वाटे. “इथे कुणी ओरडणार नाही” म्हटलं, तेव्हा समोरच्याने आवंढा गिळला. शरीराबद्दल बोलायला आपल्याला वेगळं शिकावंच लागत नाही: पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात. आम्ही एवढंच विचारायला लागलो, “टेन्शन आलं, ते कुठे आलं?”

एक चूक मात्र सांगायलाच हवी. जॉन काबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेतून ताण कमी करायचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला बॉडी स्कॅन म्हणजे पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवणं. त्याचं मूळ ब्रह्मदेशातले ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्या विपश्यनेत. त्यांचेच शिष्य गोएंका यांचं केंद्र 1976पासून इगतपुरीत आहे. नाशिककर हे ऐकून खूश होतात, “म्हणजे आपलंच की!” त्याच भरात आम्ही एक गट डोळे मिटून पाऊण तास झोपवला. अपघातातून वाचलेल्या एक बाई श्वास अडकून, थरथरत उठल्या. ज्या शरीरात ती आठवण दबा धरून बसली होती, तिथेच आम्ही त्यांना एकटं पाठवलं होतं. आता आधी सगळं विचारून घेतो. डोळे उघडे, पाय जमिनीला, दोनच मिनिटं. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतील तर त्या गोळ्यांना हात लावत नाही, आणि गरज वाटली की आधी तिकडेच पाठवतो. त्यात धंदा बुडतो, बुडू दे.

2020च्या लॉकडाऊनमध्ये स्क्रीनवर नुसते चेहरे दिसायचे. “फोन जरा लांब ठेवा, खांदे दिसू देत,” हे वाक्य तेव्हा दिवसातून दहादा म्हटलं असेल.

पाटी आता खाली लागली आहे, दातांच्या पाटीच्या अगदी बाजूला. जिन्यात अजूनही निम्म्या लोकांची दाढच दुखते.