वेलींचं मूल्य : वजा

बँकांसाठी जमिनीचं मूल्यांकन करतो. एरवी काम म्हणजे सातबारा, फेरफार, इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) आणि चार फोटो. आमच्यातले काही जण तर फोटोही गाडीची काच खाली करून काढतात. मी वेली मोजतो, म्हणून हसतात.

सप्टेंबरात गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरलगत एका अण्णांची ३ एकर वाइनची बाग पाहिली. सातबाऱ्यावर नुसतं 'द्राक्षे'. वाइनचं शिराझ की खाण्याचं थॉमसन, याच्याशी तलाठ्याला कर्तव्य नाही. दोन ओळींत ९ फूट, दोन वेलींत ५, म्हणजे एकरी साडेनऊशेच्या वर. डॉगरिज खुंटावरचं कलम, २००७ ची लागवड. २००९-१० च्या मंदीत माल उचलला जाईना, तेव्हा शेजाऱ्यांनी बागा उपटल्या. यांनी ठेवली. खोडं मनगटाहून जाड झालीत. खाण्याची द्राक्षं असती तर एकरी १० टन काढली असती. इथे घड विरळून ५ टनांवर थांबायचं, कारण वायनरीला साखर २४ ब्रिक्स लागते.

धाकटा भाऊ पुण्यात. त्याला निम्मा हिस्सा पैशांत हवा, अण्णांना बाग मोडायची नाही. म्हणून कर्ज.

१५ टन माल, किलोला ४५ रुपये : पावणेसात लाख. खर्च जाऊन हाती सव्वातीन. आजूबाजूचे इंडेक्स टू सांगत होते एकरी दीड कोटी. म्हणजे साडेचार कोटींच्या जमिनीवर शेकडा पाऊण रुपयाही सुटत नाही, आणि भावाच्या सव्वादोन कोटींचं १० टक्क्यांनी नुसतं व्याजच साडेबावीस लाख.

हा भाव मातीचा नाहीच, पाण्यावरच्या सूर्यास्ताचा आहे. नाशिकच्या बाटलीनं नाव कमावलं, पाठोपाठ पर्यटक आले, मग व्हिला. (घेणारे कागदोपत्री शेतकरीच, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारं कूळकायद्याचं कलम ६३ आहे ना!) फ्रान्सच्या बरगंडीतही, जिथे वाइनचे नामांकित मळे आहेत, वारसांचे हिस्से आणि जमिनीचे भाव यांच्या कात्रीत घराणी सापडतात. तिथला साडेसात हेक्टरांचा क्लो द तार हा मळा १९३२ पासून मोमेसॅं घराण्याकडे होता. २०१७ मध्ये तो अब्जाधीश फ्रान्स्वा पिनो यांच्या समूहानं घेतला. पण तिथे घेणारा वेल राखतो. जमिनीला किंमतच तिच्यामुळे.

अण्णांनी धाकट्याकडे आलेला एका बिल्डरचा कागद पुढे केला. तळाशी एक ओळ होती : 'बाग काढणे व सपाटीकरण, वजा'. माझ्या वहीत वेली, मांडवाचे अँगल, तारा आणि ड्रिप मिळून सहा लाख जमा धरले होते.

"साहेब, तुमचं खरं का त्याचं?"

बाजारभाव विचाराल तर त्याचं. तोंडानं मात्र म्हणालो, अहवाल बँकेत जाईल.

त्यांनी मान हलवली. कात्र्यांना धार लावून पडवीत ठेवली होती, मजूर सांगून ठेवले होते.

"ते असू द्या. सोमवारी छाटणी धरू का नको, तेवढं सांगा."