जुन्नर ते नाणेघाट: शिवनेरी उतरल्यावरचे दोन दिवस

सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री आणि संध्याकाळी परत पुण्याकडे. बहुतेकांची जुन्नरची सहल इथेच आटोपते. दोन्ही ठिकाणं पाहावीत अशीच आहेत, पण जुन्नर इथे का वसलं हे तेवढ्यात कळत नाही. ते कळायला गावापासून पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटर, सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जावं लागतं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. लेणी या वाटेच्या पैशावर कोरली गेली आणि किल्ले हिच्या राखणीसाठी उभे राहिले. म्हणून सांगतो, वाट मध्ये धरा आणि ठिकाणं तिच्याभोवती लावा. दोन मुक्काम पुरतात.

पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर साधारण ९५ किलोमीटर आहे. कल्याणकडून येणाऱ्यांना मुरबाड, माळशेज घाट, मढ हा रस्ता सोयीचा. मुक्काम जुन्नरमध्ये करा. पेट्रोल, रोख पैसे, टॉर्चचे सेल हे सगळं इथेच घ्या, आपटाळ्याच्या पुढे कशाचाच भरवसा धरू नका.

पहिला दिवस लेण्याद्रीपासून सुरू करा आणि लवकर निघा. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि डोंगर दक्षिणेकडे तोंड करून असल्याने दहानंतर कातळ चांगलाच तापतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट पायथ्याशी मिळतं. माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा प्रसादाची पुडी सॅकच्या आत ठेवा. मधमाश्यांची पोळी हा खरा धोका आहे. उग्र अत्तर लावून जाऊ नका, उदबत्ती-फटाके काही पेटवू नका आणि पोळ्याखाली आरडाओरडा करू नका.

गिरिजात्मजाचं दर्शन ज्या दालनात होतं ते सातवं लेणं, म्हणजे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. एवढं मोठं दालन आणि आत एकही खांब नाही, हे दर्शनाच्या रांगेतही लक्षात येतं. पण शेजारच्या सहाव्या लेण्यात फार थोडे जण डोकावतात. तो चैत्य आहे, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेलं दालन. खांबांच्या तळाशी घट, माथ्यावर प्राणी, आत स्तूप. तिथल्या ब्राह्मी लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोनंनाणं हाताळणारा. कल्याणच्या माणसाने घाटमाथ्यावर चैत्यगृह कोरून द्यावं, याचं उत्तर नाणेघाटाच्या वाटेत आहे. हे नाव लक्षात ठेवून पुढे निघालात तर बाकीची लेणी वेगळी दिसू लागतात.

जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत: लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा अशा गटांत विखुरलेली. दाते बघा कोण कोण आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दिलं. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन पोढ्या दिल्या, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. मानमोडीत शक राजा नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख आहे. मानमोडी पूर्ण पाहायची तर अर्धा दिवस काढावा लागतो. पायवाटा घसाऱ्याच्या आहेत आणि पावसाळ्यानंतर गवतात हरवतात. पहिल्याच फेरीत ती सोडून दिली तरी चालेल.

तुळजा लेणी मात्र सोडू नका. गावाच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर, पाडळीच्या बाजूला, पंधरा-वीस मिनिटांची चढण. एका दालनात तुळजादेवीची स्थापना आहे, त्यावरून गटाला हे नाव पडलं. पाहायचा तो इथला चैत्य. नेहमीचा चैत्य लांबट असतो, मागे अर्धगोल आणि वर कमान. हा पूर्ण गोल आहे, साधारण २५ फूट व्यासाचा. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. खांबांना तळखडा नाही, माथ्यावर नक्षी नाही, आठ बाजू तेवढ्या सरळ वर गेलेल्या. खांब आणि भिंत यांच्यामधून प्रदक्षिणा घाला, म्हणजे या आराखड्याचं मोल कळतं. महाराष्ट्रातल्या लेण्यांत असा गोल चैत्य क्वचितच सापडतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे काम मानलं जातं. दर्शनी भाग पडून गेल्यामुळे दुपारनंतर आत उजेड चांगला येतो.

शिवनेरी संध्याकाळकडे ठेवा, पण दरवाजे बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्या. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म झाला ती वास्तू, शिवाई, गंगा-जमुना टाकी, कोळी चौथरा, कडेलोटाचं टोक हे सगळे पाहतातच. सात दरवाज्यांच्या वाटेने चढा आणि त्याच वाटेने उतरा. साखळीची वाट अनुभवी सोबत असल्याशिवाय धरू नये. शिवजयंतीच्या दिवसांत गाडी कुठे लावायची इथपासून अडचण असते, तेव्हा निवांत पाहायचं असेल तर ते दोन-तीन दिवस टाळा.

रात्री मासवडी खा. नाव ऐकून शाकाहारी लोक बिचकतात, पण तिच्यात मासा नसतो. शिजवलेल्या बेसनाची पोळी थापून तिच्यात तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरतात, माशाच्या आकाराची वळी करतात आणि तिच्या वड्या कापतात. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वड्या रश्श्यात आधीपासून बुडवून आणल्या तर त्या फुटतात, म्हणून रस्सा वेगळा मागा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आपटाळे मार्गाने चावंडकडे निघा. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की गाडी पार कडेला घ्यावी लागते. चावंडवाडीतून गड चढायला पाऊण ते एक तास लागतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्नर भागातले किल्ले घेतले तेव्हा वरच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. ती जागा आजही उभी आणि गुळगुळीत आहे. आता रेलिंग बसवलंय, पण ओल्या कातळावर चढताना काही वाटत नाही, घाबरतात ते उतरताना. तोंड कातळाकडे करून उतरा. माथ्यावर सात टाक्यांचा समूह आहे, सप्तमातृकांच्या नावाचा, आणि सर्वांत वर चावंडा देवी. गडाच्या पलीकडे पूर गावात कुकडी नदीच्या उगमाशी कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, तिथे अर्धा तास पुरतो.

पूरच्या पुढे भाताची खाचरं लागतात आणि मग घाटघर. हा महादेव कोळी लोकांचा मुलूख. भात, नाचणी आणि हिरडा यांवर वर्ष निघतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी घरांपुढे बाळहिरडा वाळत घातलेला दिसेल, त्यावर गाडी घालू नका, ती पुढच्या हंगामाची रोकड असते. घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो. आयत्या वेळी दहा जण जाऊन उभे राहिलात तर त्या घरातल्या बाईच्या दिवसाचं गणित कोसळतं.

घाटघरहून गाडी थेट नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जाते. तिथे दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं मानलं जातं. त्याच्या पुढे कातळ फोडून केलेली चिंचोळी घळ सुरू होते. फरसबंदी पायऱ्यांनी काही मिनिटं उतरलं की गुहा लागते. पावसाळ्यात या दगडांवर शेवाळ असतं आणि पाय मुरगळण्याचे प्रकार इथेच होतात.

गुहेत घाई करू नका, अख्ख्या सहलीतली सर्वांत मोलाची जागा ही आहे. मागच्या भिंतीवर कधीकाळी सातवाहन घराण्याच्या आठ मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरलीत: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दहा-दहा ओळींचा लेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन, मग नायनिका राणीने (आपण तिला नागनिका म्हणतो) केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी. अश्वमेध, राजसूय, १७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी.

ते आकडे शोधाच. शून्य नाही, एकं-दहं-शतं नाही. शंभरासाठी वेगळं चिन्ह, हजारासाठी वेगळं. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सात जोडलेला असतो, म्हणून १७०० म्हणजे हजाराचं चिन्ह आणि त्यापुढे हे जोडचिन्ह. २ आणि ७ आपल्या आजच्या आकड्यांच्या पूर्वजांसारखे ओळखता येतात. 'महारठिनो' हा शब्दही याच लेखात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, तो मागताना याच लेखाचा दाखला दिला गेला होता.

वाचायला गेलेले बरेच जण "काही दिसत नाही" म्हणून परततात. कारण ते टॉर्च समोरून मारतात. समोरचा प्रकाश खोलगट अक्षरं सपाट करून टाकतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ओळ उठून येते. एकाने टॉर्च धरावा, दुसऱ्याने फोटो काढावा. अक्षरांवर खडू, पाणी, भस्म काहीही लावू नका आणि बोटही फिरवू नका. इतक्या वर्षांत मुक्कामाला राहिलेल्यांनी भिंतीवर नावं कोरून बरंच बिघडवलंय, जे उरलंय ते जपायला हवं.

पावसाळ्यात इथे उलटा धबधबा पाहायला तोबा गर्दी होते. वाऱ्याने पाणी कड्यावरून परत वर फेकलं जातं, ते दृश्य सुंदरच आहे. पण धुक्यात कड्याची कड दिसत नाही आणि शनिवार-रविवारी घाटघरच्या रस्त्यावर तासन्‌तास गाड्या अडकतात. लेखासाठी येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

पायात जोर असेल तर खालून, ठाणे जिल्ह्यातल्या वैशाखऱ्याहून चढा. जुना व्यापारी याच वाटेने यायचा. अडीच-तीन तास चढण, माणशी तीन लिटर पाणी, आणि वरून घाटघरपर्यंत आणखी तासभर चाल. घाटघरहून जुन्नरला एसटी मोजक्याच आहेत, परतीची वेळ आदल्या दिवशी जुन्नर स्थानकावर विचारून ठेवा.

शेजारचा जीवधन मोह घालतो, कड्याला लागून उभा वानरलिंगीचा सुळका तर फारच. पण तिथेही पायऱ्या उडवलेल्या आहेत आणि कातळटप्पा आहे. चावंड आणि जीवधन एकाच दिवशी करू नका, दुसऱ्या गडावर थकलेले पाय चुकतात. जीवधन करायचाच तर घाटघरला मुक्काम टाकून तिसऱ्या सकाळी, वाटाड्या घेऊन.

परतताना कल्याणकडे जाणाऱ्यांनी माळशेज उतरल्यावर वैशाखऱ्याजवळ गाडी थांबवावी. डावीकडे, थोडं मागे वळून पाहिलं की कड्याचं एक टोक अंगठ्यासारखं वर आलेलं दिसतं. तो नानाचा अंगठा. त्याला लागून जी खाच दिसते, तो नाणेघाट.