तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला निळा?

प्रदर्शनात, क्लासमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच प्रश्न: "मॅडम, लँडस्केपला खोली यावी म्हणून लांबच्या डोंगराला कुठला निळा लावता?" बहुतेक वेळा मी "कोबाल्ट" म्हणते आणि सुटते. विचारणारा ट्यूब आणतो. डोंगर निळा होतो, पण पुढच्या झाडाला चिकटलेला तो चिकटलेलाच राहतो.

तर एकदाच सविस्तर सांगते.

मेणवलीला कृष्णेच्या घाटावर चित्रकारांचा कॅम्प होता, ऐन मे महिन्यात. मी पायऱ्या, काळ्या दगडाचं देऊळ आणि मागचा डोंगर घेतला होता. डोंगर मे महिन्यात असतो तसा: वाळलेलं गवत, वणव्याने जळालेले पट्टे, वर धुरळा. रंग म्हणून मातकट पिवळा यलो ऑकर, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि किंचित राखी. शिकवायला आलेले एक ज्येष्ठ चित्रकार मागे येऊन उभे राहिले. "डोंगर पुढे येतोय," म्हणाले आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. विचारलं वगैरे काही नाही. ओल्या स्पंजने डोंगराचा रंग उचलला, जळके पट्टे पुसले, आकाशाला भिडणारी कडा विरघळवली आणि वरून अल्ट्रामरीनचा अगदी पातळ वॉश ओढला. डोंगर सरकन मागे गेला. भोवती जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. "निळ्याशिवाय अंतर नाही, लिहून ठेवा," सर म्हणाले. सगळ्यांनी लिहून ठेवलं. मी त्या चित्रावर सही केली नाही आणि दुपारी जेवायलाही गेले नाही.

ब्रश हिसकावल्याचा राग होताच. पण चित्र खरंच सुधारलं होतं, याचा जास्त होता.

अजून जुनं उकरून काढतेय म्हणाल. काढतेय. कारण ते चित्र माझ्याकडे आहे आणि मध्यंतरी मोबाईलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढून बघितला. निळा गेला, तरी डोंगर मागेच! म्हणजे काम स्पंजने केलं होतं. गडद टोन उजळ झाला, गडद-उजळातला फरक कमी झाला, कडा मऊ झाली. वाहवा मात्र निळ्याची झाली. म्हणून क्लासमध्ये मी आधी एकाच रंगात, नुसत्या तपकिरी बर्न्ट अंबरमध्ये चित्र करायला लावते. पोरं कुरकुरतात.

निळा खोटा आहे असं नाही. मधल्या हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून लांबचा गडद डोंगर निळसर दिसतो. पण हवेत धूळ आणि धूर भरला की ते मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात आणि अंतर पांढुरकं, मातकट होतं. पाऊस नुकता उघडला की तोच डोंगर हात लावावा इतका जवळ येतो. शिवाय लांबचा पांढरा ढग निळा न होता पिवळटच होतो. मग एका ट्यूबचं नाव कसं सांगू? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटीतीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला, तो काय उगाच?

उजेडाचंही तेच. ऊन हवं म्हणून पिवळा ओततात आणि सावलीला पेन्स ग्रे हा गडद करडा फासतात. कोकणातल्या चुना लावलेल्या भिंतीची सावली नीट बघा. वरच्या भागात आभाळाचा निळा उतरलेला असतो आणि खाली, जांभ्या मातीवरून उसळलेल्या उन्हाने, ती चक्क गुलाबी तांबूस असते. हा फरक पकडलात की शेजारच्या कोऱ्या कागदाला ऊन लागतं. कोऱ्या कागदाहून उजळ जलरंगात आहेच काय?

एवढं सगळं कळल्यावर त्या मेणवलीच्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, भांडण मिटायला हवं होतं. मिटत नाही. ती म्हणते, "मला दिसला तसा डोंगर मी रंगवला." मी म्हणते, "दिसला कुठे? तिथे गवत जळालंय हे तुला माहीत होतं, म्हणून पट्टे काढलेस. डोळे बारीक करून बघितले असतेस तर ते निम्मे विरले असते." त्यावर तिचं उत्तर तयार असतं: "आणि तू आता मोबाईलला विचारून ठरवतेस!" मे महिन्यातला तो रखरखीत, अंगावर येणारा डोंगर नंतर मला जमलेला नाही, हेही ती सुनावते. माझे डोंगर हल्ली फार शहाण्यासारखे मागे जातात.