हॉटेलच्या खरकट्यावर उभं असलेलं वराहपालन

वराहपालनाचे व्हिडिओ बघितले की हिशोब फार सोपा वाटतो. मादीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, वर्षाला दोन वेत, वेताला दहा पिल्लं, म्हणजे वर्षाला वीस. वीस गुणिले बाजारभाव, की झाला नफा. या गणितात खाद्याचा रकाना बहुतेक वेळा नसतोच, आणि हा धंदा बुडतो तो नेमका तिथेच.

तो रकाना भरून पाहू. दहा किलोचं पिल्लू नव्वद किलोपर्यंत वाढवायचं म्हणजे ऐंशी किलो वजन चढवायचं. संकरित जनावर आणि बरी व्यवस्था असेल तर एक किलो वजनाला साधारण साडेतीन किलो खाद्य लागतं, म्हणजे २८० किलो. मादी वर्षाला एक टनाच्या आसपास खाते: गाभण असताना रोज दोन-अडीच किलो, अंगावर पिल्लं असताना पाच-सहा किलो. वीसपैकी सोळा पिल्लं दूध तोडण्यापर्यंत जगली तर प्रत्येकाच्या वाट्याला आईचं ६२ किलो खाद्य येतं. एकूण ३४२ किलो. खाद्य घरी आणून ३२ रुपये किलो पडतं असं धरलं तर १०,९४४ रुपये, म्हणजे जिवंत वजनाच्या किलोमागे १२२ रुपये नुसत्या खाद्याचे. मजुरी, औषध, वीज, मरतूक, शेडचं व्याज अजून बाकीच आहे. तुमच्याकडचा खाद्याचा दर आणि जागेवर मिळणारा भाव घालून हे गणित स्वतः करा. पुष्कळ ठिकाणी हातात काही उरत नाही.

म्हणून शहराजवळचा जवळजवळ प्रत्येक फार्म हॉटेल, मेस, मंगल कार्यालयं आणि भाजी मार्केटच्या वेस्टवर चालतो. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. जे अन्न डंपिंगला गेलं असतं त्याचं मांस होतं. पण खरकटं म्हणजे तीन हिस्से पाणी. पन्नास किलोच्या डुकराला रोजच्या दोन किलो कोरड्या खाद्याच्या जागी सात-आठ किलो खरकटं द्यावं लागतं. शंभर डुकरं असतील तर दररोज सात-आठ क्विंटल, सणवार आणि पावसाळा धरून. श्रावणात हॉटेलं ओस पडतात, डुकराची भूक मात्र तेवढीच राहते. आठवडाभर पुरेल इतका मका भरडा आणि सोयापेंड शिल्लक ठेवल्याशिवाय वेस्टवर फार्म चालवू नये. वाढत्या जनावरांसाठी साधं मिश्रण: मका ५५, सोयापेंड २०, तांदळाची पॉलिश किंवा गव्हाचा भुस्सा २२, मिनरल मिक्स्चर अडीच आणि मीठ अर्धा भाग. प्रथिनं १६-१७ टक्क्यांवर जातात, तेवढी पुरतात.

आता खरी अडचण. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये सापडला आणि २०२२ च्या जुलैमध्ये केरळच्या वायनाडपर्यंत पोचला. माणसाला तो होत नाही. डुकरांचा कळप मात्र साफ करतो. त्याचा विषाणू गोठवलेल्या, खारवलेल्या मांसात महिनोन् महिने टिकतो. हॉटेलच्या बादलीत पोर्क चिलीचे तुकडे असतात, कच्च्या मांसाची छाटणी असते, गोव्याच्या बाजूला चोरीसची, म्हणजे पोर्कच्या मसालेदार सॉसेजची, टोकं असतात. नीट न शिजलेल्या अशा एका तुकड्यावरही रोग आत येऊ शकतो. भारतात या रोगावर परवानगी असलेली लस नाही. व्हिएतनामने २०२३ मध्ये लशींना व्यापारी वापराची परवानगी दिली, पण त्या जिवंत विषाणूच्या आहेत. कोणी ‘बाहेरून आणून देतो’ म्हणाला तर त्याला फाटकातूनच परत पाठवा.

खरकटं उकळायचं म्हणजे नुसती वाफ दाखवायची नाही. किमान ९० अंश सेल्सिअस, पूर्ण एक तास, सतत ढवळत. ढवळलं नाही तर तळाला करपतं आणि मधला भात, पोळ्यांचा गोळा कोमटच राहतो. दोनशे लिटरच्या पिंपात दीडशेहून जास्त भरू नका, ढवळायला जागा लागते. म्हणजे शंभर डुकरांसाठी रोज पाच पिंपं, त्यांचं सरपण आणि एक माणूस. लांब दांड्याचा थर्मामीटर मधोमध घालून बघा, कडेला नको. मोठी गफलत होते ती उकळून झाल्यावर: ज्या बादलीने कच्चं खरकटं पिंपात ओतलं त्याच बादलीने शिजलेलं गव्हाणीत वाढतात. कच्च्यासाठी लाल रंग फासलेली बादली आणि फावडं, शिजलेल्यासाठी वेगळं. कच्चं उतरवायची जागाही कुंपणाबाहेर. नुसतं भाजी मार्केटचं वेस्ट आणता येत असेल तर मांसाची ब्याद टळते, पण खात्री कोण देणार?

खरकट्यातलं मीठ हा दुसरा छुपा शत्रू. लोणचं, पापड, ग्रेव्ही यांनी मीठ वाढतं, तरी पाणी मुबलक असेल तर डुक्कर ते पचवतं. डुकरांना पाणी प्यायचा नळ, म्हणजे निप्पल, गाळाने तुंबला, दिवसभर कोणाच्या लक्षात आलं नाही, की जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, गोल फिरतं, झटके देतं. अशा वेळी एकदम पाणी सोडलं तर मेंदूला सूज येऊन मरतं; थोडं थोडं, तासातासाने द्यायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. निप्पल तपासायला लिटरची बाटली धरा: वाढत्या डुकरासाठी मिनिटात एक लिटर, पिल्लांच्या मादीसाठी दोन लिटर यायला हवं.

ताप, कानांवर-पोटावर लालसर-जांभळे डाग आणि पटापट मरतूक ही लक्षणं आफ्रिकन स्वाइन फीव्हरची, तशीच क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या दुसऱ्या रोगाचीही आहेत. क्लासिकलची लस आहे आणि दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांना ती चुकवू नये. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, नमुन्याची तपासणी लागते. मेलेलं डुक्कर फार्मवर चिरू नका, रक्त सांडलं की विषाणू पसरतो. आणि कळवायला उशीर करू नका: भरपाई सरकारने नष्ट केलेल्या जनावरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. वाट बघत बसणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं.

फाटकावर कडक राहा. दहा फार्म फिरून येणारी व्यापाऱ्याची गाडी आत घेऊ नये. डुकरं गाडीत चढवायचा उतार कुंपणाला लागून, गाडी बाहेर. फार्मचे गमबूट वेगळे. औषधाच्या पाण्यात बुडवण्याआधी बूट ब्रशने धुवा, शेणमाती तशीच असेल तर औषध वाया जातं. नवीन आणलेली जनावरं ३० दिवस वेगळी. शेजाऱ्याचा नर उसना आणायची पद्धत तर बंदच करा. कृत्रिम रेतन शिकून घ्या, फक्त नराचं द्रवरूप वीर्य १७ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं की संपलं.

खर्च कमी करायची सोपी जागा म्हणजे पिल्लांची मरतूक. सोळाऐवजी बाराच जगली तर वरचा १२२ चा आकडा १२९ होतो. पहिल्या तीन दिवसांत पुष्कळ पिल्लं आईखाली चिरडून मरतात. विण्याच्या खोलीत भिंतीपासून आणि जमिनीपासून २०-२५ सेंटीमीटरवर जाड पाइप बसवा, पिल्लाला निसटायला फट मिळते. कोपऱ्यात बल्ब लावून ३२-३४ अंश ऊब द्या, म्हणजे ती आईला चिकटून झोपत नाहीत. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅमच्या पुढे लोह लागतं आणि आईच्या दुधातून जेमतेम एक मिळतं. इंजेक्शन चुकलं की दोन-तीन आठवड्यांत पिल्लं पांढरी पडतात आणि हगवणीला बळी पडतात.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदान आहे, दोन हप्त्यांत. आकडा बघून उडी मारणाऱ्यांनी वरचं गणित पुन्हा करावं: वर्षाला सोळाशे डुकरं, रोज दीड टन खाद्य, आठवड्याला तीस विकायची. एवढं खरकटं गोळा होत नाही आणि एवढं गिऱ्हाईक तालुक्यात नसतं. दहा माद्यांवर दोन वेतं काढून मग पुढचं बोला. गावाची नाराजी, वास, सांडपाणी, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, हे शेडचा पाया खणण्याआधी मिटवायचं.

देशातली डुकरं २०१२ ला १ कोटी ३ लाख होती, २०१९ च्या पशुगणनेत ९०.६ लाख उरली. मागणी मोठी आहे ती ईशान्येत, आणि साथ आली की तीच राज्यं बाहेरची जिवंत डुकरं अडवतात. मग नव्वद किलोचा माल फार्मवर बसून खात राहतो. वजन चढतं ते चरबीचं आणि किलोमागे खाद्य वाढतच जातं. म्हणून सगळा माल एका लांबच्या व्यापाऱ्यावर सोडू नये. मुंबई-पुण्यातली कोल्ड कट्सवाली (हॅम, सलामी विकणारी) दुकानं, गोव्यातले चोरीस करणारे, महिन्याला पाच-दहा नग नेणारे स्थानिक खाटीक अशी दोन-तीन गिऱ्हाइकं आधी बांधावीत, भले किलोमागे चार रुपये कमी मिळोत. चोरीससाठी चरबीचं प्रमाण चांगलं हवं, कोल्ड कट्सवाल्यांना लाल मांस जास्त लागतं. कोणासाठी वाढवतोय हे ठरलं की नर लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचा घ्यायचा की ड्युरॉक जातीचा, आणि ऐंशी किलोला विकायचं की शंभरला, हेही ठरवता येतं.